दाजींचा अर्जंट फोटो

आता हसायला सुरुवात करू नका. मी अजून तोंड उघडलेलं नाही. फोटोचा विषय निघाला की तुम्ही सगळे माझ्याकडं बघून दात काढता, ठाऊक आहे मला. पण हा किस्सा मी आजवर अर्धाच सांगत आलोय. आज पुरा सांगतो. चहा सांगा आणखी एक.

तर, रिटायर झालो. जन्मभर कारकुनी केलेला माणूस घरात बसला की काय होतं? घराचं ऑफिस होतं! डाळीच्या डब्यावर लेबल कावून नाही, झाडू जागेवर कावून नाही, असं माझं दिवसभर चालायचं. शेवटी बायको म्हणाली, "आवो, काय तरी शिका. कुटंबी जा, पन माज्या पाठीमागं फिरू नका."

म्हटलं, फोटोग्राफी शिकू. लहानपणापासूनची हौस होती.

आता आपलं बीड म्हणजे क्लासचं गाव. डॉक्टर व्हायचा क्लास, पोलीस भरतीचा क्लास, इंग्रजी बोलायचा क्लास. फोटोचा क्लास मात्र कुठंच नाही! एका ठिकाणी जिना चढून गेलो तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, अॅडमिशन नातवाची का?" मी म्हणालो, "माझी." तिनं आत जाऊन आणखी दोघींना बोलावून आणलं. मला दाखवायला!

शेवटी गेलो सलीमभाईकडं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा जुना स्टुडिओ. धंदा काय, तर पासपोर्ट फोटो, आणि दुसरा म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचे. कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून डोकं उचलायचं, त्याला कोट चढवायचा, मागं निळं आभाळ टाकायचं, फ्रेम करायची आणि वरून चंदनाचा हार घालायचा. अर्धा जिल्हा त्यांच्या हातून भिंतीवर गेलाय.

"साहब, मै क्लास नै लेता," सलीमभाई म्हणाले. "बैठो, चा पियो, देखते रहो."

पहिल्याच दिवशी मी मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. त्यांनी चष्मा वर करून बघितला.

"साहब, आदमी हिला तो सिर्फ आदमी हिलता. तुम हिले तो पिच्छे की दीवार बी हिलती. ये देखो. इसमें पूरा बीड हिलरा!"

हा माझा पहिला धडा. हात पोटाला टेकवायचा, श्वास धरायचा, मग दाबायचं. मी घरी श्वास धरून इतके फोटो काढले की बायकोला वाटलं मला दम्याचा त्रास सुरू झाला.

संक्रांतीला उमापूरला गेलतो, थोरल्या अक्काकडं. अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, ज्ञानोबा, सकाळच्या उन्हात ओट्यावर बसलते. डोक्याला पटका, ओठावर हसू यायच्या बेतात. मी श्वास धरला आणि दाबलं.

काय फोटो आला म्हणता! सलीमभाईंनी तो लगेच आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. मग म्हणाले, "अब तुमे आया साहब." तुम्हाला सांगतो, प्रमोशनच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद मला झाला.

पुढच्याच आठवड्यात दाजींना तपासायला बीडला आणलं. पोटात दुखायचं, जेवण जात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एक रात्र ठेवू, सगळ्या तपासण्या करू. आणि तिथं दवाखान्यात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात शिजलं, की दाजी उद्या घरी जातील तेव्हा भिंतीवर त्यांचा मोठा फोटो पाहिजे! अक्का खूश, दाजी खूश, आपली कॉलर ताठ!

लावला सलीमभाईंना फोन. दवाखाना असल्यानं आवाज हळू. "सलीमभाई, मी दवाखान्यातून बोलतोय. आमच्या दाजींचा तो फोटो मोठा करा. चांगली फ्रेम करा. संध्याकाळच्या उमापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये ठेवून द्या. लई अर्जंट हाय."

सलीमभाई म्हणाले, "फिकीर मत करो साहब. मै सब करता." पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की नाही?

तुम्हीच सांगा, हळू आवाजात, दवाखान्यातून, अर्जंट! कोणत्या जित्या माणसाचा मोठा फोटो आपल्याकडं अर्जंट लागतो? सलीमभाईंनी फ्रेम केली, चंदनाचा हार घातला, खाली छोटा लाल बल्बसुद्धा लावला. आणि जीपवाल्याच्या हातात दिली.

जीपवाला भला माणूस. हार घातलेला फोटो पायाशी कसा ठेवायचा? त्यानं तो पुढच्या काचेला टेकवून ठेवला, तोंड रस्त्याकडं. गाणी बंद केली. गेवराईपासून उमापूरपर्यंत दाजी पुढं, प्रवासी मागं. ओळखीची माणसं रस्त्यात हात जोडत होती.

दाजी तपासायला बीडला गेलेत, हे गावाला ठाऊक होतं. तपासायला गेलेला माणूस संध्याकाळी हार घालून परत आला, याचा अर्थ गाव दुसरा काय काढणार? अक्कानं फ्रेम बघितली आणि हंबरडा फोडला.

गावानं मला फोनवर फोन केले. माझा फोन बंद! कावून? दिवसभर दवाखान्यात सलाइनच्या बाटलीचे कलात्मक फोटो काढून बॅटरी संपवलती मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दाजी जीपमधून उतरलो. स्टँडवरच फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यावर माझाच फोटो, म्हणजे मी काढलेला. मी तर हातातली पिशवी छातीशी कवटाळली. दाजी मात्र कमरेवर हात ठेवून निवांत बघत उभे.

"पाव्हनं, फोटू लई झ्याक आलाय," ते म्हणाले. मग खाली वाचायला लागले. "आरं, शोकाकुलमधी ह्या बाप्याचं नाव? धा वर्सं झाली, बांधावरनं बोलत न्हाई माज्याशी! येऊ दे, आता चा पाजतो त्याला."

घरापुढं तिरडीचे बांबू येऊन पडलते. बायका बसलेल्या. आणि दाजींना बघून अक्का उठली, हातातला तांब्या उचलला आणि फेकला. नवऱ्यावर नाही, माझ्यावर! इथं, कानाच्या वर. खूण अजून आहे.

आणि मंगल. दाजींची एकुलती एक लेक. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेलेली. अर्धा फड टाकून, मुकादमाच्या शिव्या खाऊन, मिळेल त्या गाडीनं रडत आलती. बापाला बघितलं, गळ्यात पडली, मग बापालाच दोन्ही हातांनी मारायला लागली. दाजी हसत मार खात होते.

मग ती माझ्याकडं वळली. "मामा, तुमच्या फोटूच्या नादात रस्त्यानं माजा जीव गेलता! आता पुन्यांदा असं काय कळालं तर मी येनार न्हाई. आदी मला फोटू दावायचा. आण्णाचा. मंगच इस्वास ठिवीन!"

सलीमभाईंना जाब विचारला तर त्यांनी कान धरले. "साहब, बीस साल में किसी ने जिंदे का अर्जंट नै बोला!"

दाजींनी बांबू परत केले नाहीत. "आलेतच तर ऱ्हाऊ द्या," म्हणून कारल्याच्या वेलाला मांडव केला. फ्रेमचा हार काढून पेटीत ठेवला. "लागंल तवा लागंल." आणि फोटो भिंतीवर टांगला.

झालं. इथपर्यंत मी हा किस्सा लग्नात, बारशात, कट्ट्यावर, सगळीकडं सांगितलाय. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो.

पुढचं कुणाला सांगत नाही. त्या दिवशी फ्लेक्सपुढं दाजी हसत होते ना, तेव्हा माझ्या पिशवीत रिपोर्ट होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार काही करण्यासारखं नाही. दाजींनी ते रस्त्यातच माझ्या तोंडून काढून घेतलं. गेवराई आल्यावर एकच बोलले. "पट्टा पडंस्तवर मंगलला सांगायचं न्हाई." पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं, टोळ्या गावाकडं निघणं. "एकदा आली की निवांत बसून सांगू. लेकीसंगं चार दिस काढीन, मंग मोकळा."

मंगल दोन दिवस राहून परत फडावर गेली. दाजी तिला सोडायला स्टँडपर्यंत चालत गेले. पोट दाबून धरलं होतं, ते फक्त मला दिसत होतं.

शिमग्याच्या आधीच दाजी गेले. पट्टा पडायला अजून वेळ होता.

सकाळची वेळ. मी तिथंच होतो. अक्का दाजींच्या उशाशी बसलेली. मंगलला फोन मीच लावला.

"मामा, पुन्यांदा?" ती म्हणाली. फडावरच्या बायकांचा आवाज येत होता मागं. "ह्या बारीला हार कोनता घातला?"

"मंगल, खरंच गं बाई. दाजी गेले."

"मागल्या बारीला बी खरंच व्हतं." आणि ठेवला फोन.

शेजाऱ्यांनी लावला, सरपंचांनी लावला. सगळ्यांना एकच उत्तर, "मामानंच सांगितलं असंल तुमाला." बापाला साधा ताप आल्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं, तिनं तरी कशावरून विश्वास ठेवावा? शेवटी तिनंच पुन्हा फोन केला. आवाज जरा उतरलेला होता. "मामा, आपलं काय ठरलंय? फोटू दावा." व्हिडिओ कॉलला फडात रेंज पुरत नाही, फोटो तेवढा जातो.

मी आत गेलो. दाजींना भिंतीच्या कडेला घोंगडीवर निजवलं होतं. वर भिंतीवर त्यांचाच हसणारा फोटो. बाहेर माणसं कारल्याच्या मांडवाचे बांबू उपसत होती. वेल अजून हिरवा होता. तिरडीला दुसरे बांबू आणा, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मी खाली बसलो. हात पोटाला टेकवला. श्वास धरला. दाबलं. नीट बघितलंसुद्धा नाही हो, कसं बघणार? दिला पाठवून.

थोड्या वेळानं फोन वाजला. मंगल ओरडतच होती.

"मामा! नीट बगा की! आण्णा हललेत! फोटूत डोस्कं हललंय आण्णांचं! मेल्यालं मानूस हलतंय का कुटं? तुमी सगळे येडे हाईत! डाक्टरला बलवा, मी निगाले!"

"मंगल, ऐक..."

फोन कट. मी पुन्हा लावला तर लागला नाही. गाडीत बसली असणार.

तिच्यासाठी सगळं थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उमापूरच्या स्टँडवर उतरली. न्यायला मीच गेलतो, दुसरं कोण जाणार? हातात काकवीचा डबा होता. दाजींना भाकरीबरोबर काकवी लई आवडायची.

"काय म्हनला डाक्टर?" उतरल्या उतरल्या तिनं विचारलं. हसत होती. "आता बरं हाय ना आण्णांना?"

तो फोटो आजही माझ्या मोबाइलमध्ये आहे. दाखवू? दाजींचं डोकं हललंय, अगदी ती म्हणाली तसंच. पण नीट बघा. मागची भिंत हललीय. भिंतीवरची फ्रेम हललीय. सलीमभाईंचा पहिलाच धडा, आणि तोच मला जमला नाही.

दाजी नव्हते हलले. मी हललो होतो.