खालच्या फळीवरचं कॉमिक

वाचनालयातल्या मावशींना सगळे माघारी चाळणीमावशी म्हणायचे. मुलांच्या हाती काय पडावं नि काय नाही, हे त्याच ठरवायच्या. नवं कॉमिक आलं की अंगठ्याने पानं भराभरा सोडायची आणि लाल रंग शोधायचा, एवढीच त्यांची परीक्षा. रक्त दिसलं की पुस्तक वरच्या फळीवर, मोठ्यांसाठी. नाही दिसलं की खालच्या फळीवर, ‘घरात सगळ्यांनी मिळून वाचा’ या पाटीखाली. नवरा चिडवायचा, "अगं, चित्रात कुणी टोमॅटो चिरला तर तेही वर टाकशील!"

"टाकीन!" मावशी फणकारायच्या. "लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात माझ्यावर." आणि ठेवायचेच की हो!

तर एक दिवस एका मुखवटेवाल्या वीराचं कॉमिक आलं. हाणामारी भरपूर, इमारती कोसळताहेत, गाड्या उडताहेत, पण लाल थेंब म्हणाल तर औषधालाही नाही. मावशींनी ते खाली ठेवलं. एवढंच नाही, तर गल्लीतले शिंपीमास्तर लेकीला घेऊन आले तेव्हा स्वतःच्या हाताने काढून दिलं. "दोघं मिळून वाचा. बिनघोर न्या."

मास्तरांची बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेकीसाठी रंगपेटी आणायला निघाली आणि रस्ता ओलांडताना ट्रकने उडवली. तेव्हापासून पोर गप्प गप्प असायची, म्हणून मावशींचा तिच्यावर जरा जास्तच जीव.

आठवडा संपायच्या आत मास्तर एकटेच आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. आवाज चढवला असता तर परवडलं असतं, पण ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही हे वाचलं होतं ना?"

"हो, म्हणजे काय!" मावशींच्या तोंडून निघून गेलं.

मास्तरांनी मधलं पान उघडलं. वीर लहानपणचं सांगत होता. चेंडूसाठी मी हट्ट धरला, आई तो आणायला धावली आणि गाडीखाली गेली. मीच मारलं तिला. चित्रात नुसता रिकामा रस्ता आणि एक चेंडू. निळा.

"पोरगी रडत रडत विचारते, बाबा, मीपण रंग मागितले होते ना? मी नाही नाही म्हणतो, तर म्हणते, मावशींनी दिलंय म्हणजे खरंच असणार."

मास्तर गेल्यावर मावशींनी ते पुस्तक पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचलं. शेवटच्या पानापर्यंत त्या वीराला कुणी म्हणत नव्हतं की बाबा रे, तुझा दोष नाही. कसली मेली माझी चाळणी! आणि वर तोंड करून खोटंही बोलले! स्वतःची अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. वाचनालयाला कुलूप घातलं आणि तडक मास्तरांचं दुकान गाठलं.

पोर मशीनपाशी चिंध्या निवडत बसली होती. मावशी दुखरे गुडघे मोडून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"मास्तर, मी खोटं बोलले. वाचलं नव्हतं, नुसतं चाळलं होतं." मशीन थांबलं. मावशी पोरीकडे वळल्या. "बाळा, माझ्यामुळे तुला रडू आलं. चुकलं माझं."

पोरीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

"नाही गं."

"मी रडावं म्हणून दिलंत?"

"अगं, काहीतरीच काय! तुला आवडेल म्हणून दिलं."

"मग तुमची चूक कशी?"

तिच्या हातातली चिंधी हातातच राहिली. मग बापाकडे बघत म्हणाली, "बाबा, मलापण माहीत नव्हतं ट्रक येणार ते."

"नव्हतंच गं राणी," म्हणत मास्तरांनी तिला उराशी घेतलं, आणि बापलेक दोघंही ढसाढसा रडले.

माहीत करून घेणं हेच तर माझं काम होतं, असं मावशींच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात पोरीने बापाच्या खांद्यावरून मान वर केली. "नव्हती ना मावशी, तुमची चूक?"

मास्तरांशी खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नव्हती. आता मात्र एकेक शब्द ओढून काढावा लागला.

"नव्हती गं बाळा," मावशी म्हणाल्या.