तोटी नसलेला किल्ला

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन पाय मोडले. एक माझ्या सासऱ्यांचा, आणि दुसरा माझ्या किल्ल्यातल्या गवंड्याचा. मामाजी वाळवण राखायला गच्चीवर चढले आणि शिडीवरून घसरले. चिखलीला नेऊन प्लास्टर घातलं. गवंड्याला चिखलीला नेता येईना, कारण तो लॅपटॉपमध्ये राहतो.

मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत किल्ला बांधते. खेळच तसा आहे. डोंगराच्या पोटात बुटकी माणसं वसवायची, त्यांना खोल्या खोदून द्यायच्या, जगवायचं. नवरा याला माझा दुसरा संसार म्हणतो. पहिल्यात बोलून उपयोग होत नाही, दुसऱ्यात निदान सांगितलेलं कोणीतरी ऐकतं.

या बुटक्यांची एक खोड आहे. धडधाकट बुटका पाण्याला शिवत नाही, त्याला दारूच लागते. पण तोच खाटेला खिळला, की त्याला पाणीच हवं. माझ्या किल्ल्यात दारूची पिंपं छताला टेकलेली आणि प्यायला घोटभर पाणी नाही. वरची नदी गोठलेली. पाणी होतं ते डोंगराच्या अगदी तळाशी. इतका लांबचा खेळ निवडला, तरी दुष्काळ माझ्यासोबत आलाच.

मामाजींची खाट पुढच्या खोलीत, नळाजवळ टाकली होती. आमच्या नळाला तोटी नाही. गल्लीत कोणाच्याच नाही. नळ कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून तो कायम उघडा आणि खाली पत्र्याचा डबा. डब्यात धार वाजली की सगळ्यांनी हातातलं टाकून पळायचं. मामाजी पडूनच आहेत तर डब्याकडे कान ठेवतील, असं घरात ठरलं. मीही दुपारी लॅपटॉप घेऊन तिथेच बसू लागले.

"ह्याले काय झालं वं?" एकदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

"पाय मोडलाय."

"मंग कन्हून काऊन राह्यला?"

"तहान लागलीये. पाणी नाही."

त्यांनी आपला प्लास्टरचा पाय पाहिला, मग त्याचा पाहिला. त्या दिवसापासून जेवण झालं की पहिला प्रश्न तोच, "जित्ता हाये का तो?" मुंबईतल्या दुसऱ्या मुलाची चौकशीही त्यांनी कधी इतक्या नेमाने केली नाही.

मग मी पंप चढवायला घेतले. या खेळात एक पंप पाणी एकच मजला चढवतो. म्हणून पंपावर पंप रचायचे. खालच्याने उजवीकडे टाकलेलं पाणी वरच्याने उचलून डावीकडे टाकायचं, असं करत तळापासून, गवंडी पडला होता त्या दवाखान्यापर्यंत जायचं. सगळे पंप फिरवायला माथ्यावर पवनचक्की.

"एकच मोठी मोटर काऊन नाही टाकत?" मामाजींनी विचारलं.

"इथे लाइटच नाही, मामाजी. वाऱ्यावर चालतं."

"म्हंजे जातही नाही," ते म्हणाले. "सुखी लोकं."

एक मजला उलटा बसला, तो पाडून पुन्हा बांधला. तोवर गवंड्याची अवस्था बिघडत गेली. मामाजी स्वतःचा तांब्या उचलताना त्याच्याकडे पाहू लागले आणि अर्धाच पिऊ लागले. मला त्यांचा राग आला, तरी तांब्या मी त्यांच्या हाताशी सरकवत राहिले.

अखेर चक्की जोडली. पाणी मजल्यामागून मजले चढत दवाखान्याच्या हौदात पडलं. एक बुटका बादली घेऊन धावला आणि गवंड्याला पाणी पाजलं.

"पाजलं!" मामाजींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हौद भरला. मग फरशी ओली झाली. मग खाटा.

"आता बंद कर," मामाजी म्हणाले.

मी पडदाभर शोधत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की बंद करायची सोयच मी केली नव्हती. जगभरचे खेळणारे म्हणे आधी तेच करतात.

"बंद काऊन नाही करत वं?"

"बंद करायची कळच नाही केली, मामाजी."

"काऊन?"

मी आमच्या नळाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. पाय बांधलेला गवंडी खाटेवरच बुडाला. खेळातल्या माणसासाठी रडायचं नसतं, पण मला रडू आलं.

"तहानेनं तं नाही मेला," मामाजी म्हणाले.

प्लास्टर निघालं. काठी टेकत ते पहिल्यांदा गेले ते धाडच्या बाजाराला, आणि पिशवीत पितळी तोटी घेऊन आले. ती स्वतः उभं राहून बसवून घेतली, घट्ट बंद केली, आणि सवयीने डब्याकडे कान देऊन खाटेवर बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या भाभी ओल्या हातांनी आमच्या दारात आल्या. "किती डरम भरले तुम्ही? आज तं लई जोरात होतं."

मामाजी लगबगीने उठले आणि तोटी फिरवली. नळातून थोडी हवा आली. डब्यात एक थेंब पडला.

त्यांनी तोटीवरचा हात काढला.

"काढ वं हे," ते म्हणाले. "बुडून मरायलेही नशीब लागते."

मी पाना आणायला आत गेले.