हळदीच्या दिवशीची नखं

तेंडोलकर बाईंनी मला सातवीत हळदीचा कागद करायला शिकवलं नसतं, तर त्या शनिवारी कांजूरमार्गच्या एका लग्नघरात माझी नोकरी गेली असती. त्या घरातला एक पाट मला बसायला दिलेला होता. समोर नवरी दोन्ही हात पुढे करून बसली होती. तिची नखं विटकरी लाल झाली होती आणि ती नखं आदल्या संध्याकाळी मीच केलेली होती.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आमच्या घरातला पहिला पदवीधर. बारावीनंतर बाई स्वतः घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "ह्याला बागेत कामाला लावू नका, कॉलेजात पाठवा." म्हणून मी शिकलो. पुढे साकीनाक्याला एका युनिटमध्ये नखांचं जेल बाटल्यांत भरायच्या कामावर लागलो. युनिट बंद पडलं, तेव्हा आमच्याकडून माल घेणाऱ्या हेतल मॅडमनी मला घाटकोपरच्या त्यांच्या सलोनमध्ये घेतलं. आता मी नेल टेक्निशियन आहे. बाईंना मी पत्रातून "केमिकल लाइनमध्ये आहे" एवढंच कळवलं होतं.

शुक्रवारी मानसी आली. रविवारी लग्न. हेतल मॅडमनी तिच्यासमोर ब्रायडल पॅकेजचं कार्ड ठेवलं, हार्ड जेल एक्स्टेन्शन, मरून रंगात.

मी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या पाठी दाबते."

मग मी तिला समजावलं. जेल म्हणजे दिव्याखाली घट्ट होणारं प्लास्टिकच. साधं जेल पॉलिश हा फक्त रंग. दोन-तीन आठवडे टिकतो, अ‍ॅसिटोनमध्ये बोटं बुडवली की निघतो, पण नखाला ताकद देत नाही. बिल्डर जेल जाड असतं. आपल्याच नखावर त्याचा थर बसतो, नख वाकत नाही, आणि आम्ही वापरतो ते अ‍ॅसिटोनने निघतंही. हार्ड जेलने लांबी वाढवता येते, पण ते विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं. मानसीची नखं पापडासारखी पातळ होती. त्यावर लांब एक्स्टेन्शन लावून ती पेशंटच्या पाठीत बोटं रुतवणार, म्हणजे एक तर नख जाणार, नाही तर पेशंट.

"बिल्डर जेल, आखूड नखं, आणि रंग दुधी गुलाबी," मी म्हटलं. "चार दिवसांनी कामावर गेलात तरी चालेल."

"मरून ब्रायडल दिसतो," मॅडम म्हणाल्या.

"कामाच्या ठिकाणी दुधीच बरा दिसेल, मॅडम."

मानसीला पटलं. ती गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तू सलोन चालवतो की ट्यूशन क्लास?" मला त्याचाही थोडा अभिमानच वाटला. अर्धा तास मी तिला तिचं काम, सवयी, जुन्या अ‍ॅलर्जी, सगळं विचारलं होतं. हळद कधी आहे, एवढंच विचारलं नव्हतं. माझ्या लग्नात मी स्वतः कोपरापर्यंत पिवळा होऊन बसलो होतो, तरीही.

शनिवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "ती कांजूरची ब्राइड. नखं लाल झालीत. घरचे म्हणतात इन्फेक्शन. कंप्लेंट करणार आहेत. जा, सगळं काढून टाक, सॉरी बोल. आणि निस्तरलं नाही तर सोमवारी येऊ नकोस."

घरात शिरलो तेव्हा हळद उरकली होती आणि प्रत्येकाचं निदान तयार होतं. मानसीच्या चुलतभावाने मोबाइलवर 'जेल अ‍ॅलर्जी' उघडून ठेवलं होतं. तिची आत्या हातात हेअरपिन घेऊन अंगठ्याच्या कडेला जेल उचकटायच्या तयारीत होती.

"ह्या काय करून ठेवलंस रे बाबा?" आत्या म्हणाली. "उद्या लगीन आसा तिचा."

"आत्या, आधी ती पिन बाजूला ठेवा," मी म्हटलं. "असं ओढलंत तर जेलबरोबर तिच्या नखाचा थर निघेल. महिनाभर ती कुणाची पाठ दाबू शकणार नाही."

मानसी हळूच म्हणाली, "पंधरा तारखेपासून माझे पेशंट आहेत. बोटांना काही झालं तर?"

जेलची अ‍ॅलर्जी खरोखर असते, त्यामुळे आधी तेच तपासलं. खाज नाही. सूज नाही. आजूबाजूची कातडी पिवळी होती, पण तशी तर सगळ्याच घराची होती. लाल होतं ते फक्त नख.

"हात कशाने धुतलेत?"

"आधी हँडवॉशने. पिवळं जाईना, म्हणून मग आईने कपड्याचा साबण दिला."

तिथे मला बाई आठवल्या. शाळेत लिटमस पेपर नसायचा. बाई घरून वाटीत हळद कालवून आणायच्या, वहीचा कागद त्यात बुडवून उन्हात वाळवायच्या. त्यावर साबणाचं पाणी पडलं की लाल. लिंबू पिळलं की परत पिवळा. अल्कली आणि आम्ल. कातडी मुळात थोडी आम्लच, म्हणून ती परत पिवळी झाली होती आणि जेलवर लाल टिकलं होतं.

मी हळद, कपड्याचा साबण आणि लिंबू मागितलं.

"आता ह्यो पूजा घालतलो," आत्या म्हणाली.

पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हळद फासली. वर साबणाच्या पाण्याचं बोट टेकवलं. लाल डाग उमटला. लिंबू पिळलं. डाग पिवळा झाला. मग तेच लिंबू मानसीच्या करंगळीच्या नखावर. लाल गेलं, पिवळं उरलं.

"म्हणजे हळदच आहे ही," मानसीची आई म्हणाली.

"हळदच आहे. चूक माझी. एक दिवस आधी असा फिका रंग मी द्यायला नको होता."

आत्याने पिन केसांत खोवली.

पिवळेपणाचं उत्तरही बाईंच्या वर्गातच होतं. खिडकीत ठेवलेले आमचे कागद आठवड्याभरात फिके पडायचे, आणि बाई म्हणायच्या, हळदीला ऊन सोसत नाही. मी नखांवरचा चकचकीत वरचा थर हलकेच घासून काढला. बराचसा रंग त्यातच गेला. उरलेल्यासाठी मानसीला गॅलरीत उन्हात बसवलं, बोटं करपू नयेत म्हणून त्यांवर ओलं फडकं गुंडाळून नखं तेवढी उघडी ठेवली. आत्या शेजारी पहाऱ्याला बसली. येईल त्याला सांगत होती, "हात लावू नका, प्रयोग चाललाहा." ऊन उतरेपर्यंत डाग जवळजवळ गेले. अंगठ्यांवर अगदी पुसट झाक राहिली. नवा टॉप कोट दिला, दिव्याखाली धरला.

मानसीने अंगठ्याने माझ्या मनगटावर जोरात दाबून पाहिलं. "नाही वाकत," म्हणाली.

सोमवारी मी कामावर गेलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि दुपारपर्यंत कार्डावर नवं पॅकेज छापायला दिलं, 'हळदी-प्रूफ ब्रायडल जेल'. असं जेल जगात नाही, हे मी सांगितलं. "मग तू घरी जाऊन ऊन देशील ना," त्या म्हणाल्या. मी गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली आहे. हळद कधी आहे? जेलचा प्रकार त्यानंतर ठरवायचा. आणि हळद व्हायची असेल तर रंग मरून.

त्याच रात्री बाईंना पत्र लिहिलं.

ती. तेंडोलकर बाईंना, दीपकचा साष्टांग नमस्कार.

मी केमिकल लाइनमध्ये आहे असं मागे लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी मुलींची नखं रंगवतो. बी.एस्सी. होऊन हे करतो, हे तुम्हाला कळवायला मला तीन वर्षं लागली. परवा तुमचा हळदीचा कागद एका लग्नघरात करून दाखवला. एका मुलीची नखं वाचली आणि माझी नोकरी. पदवीपेक्षा सातवीच उपयोगी पडली.

तुम्ही दर सोमवारी प्रार्थनेला पट्टी घेऊन आमची नखं तपासायचात. वाढलेली दिसली की बोटांवर बसायची. आता मी वाढवून देतो. रागावू नका.

माझी स्वतःची नखं कापलेली आहेत.

तुमचा विद्यार्थी,
दीपक