शिवाजी पेठेतले भोंगे आणि श्रीकांतचा कान

आमच्याकडे सुट्टीचं ठिकाण समुद्र की डोंगर यावर ठरत नाही. तिथे कुणाच्या घरी कोणते स्पीकर आहेत यावर ठरतं. नवरा हाय-फायवेडा असला की बायकोचा भूगोल असाच पक्का होतो. इंदूरला जाऊन आम्ही सराफा बाजार पाहिला नाही, पण एका दंतवैद्याचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र मागून-पुढून पाहिला.

यंदा कोल्हापूर ठरलं आणि मी कुरकुर केली नाही. कानाच्या डॉक्टरांनी श्रीकांतला सांगितलं होतं, बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत, श्रवणयंत्र लावा. त्यावर हा ताडकन म्हणाला, "गाणं यंत्रातून ऐकू?" खोलीभर यंत्रं मांडून बसलेला माणूस! त्याच्या मते दोष कानात नव्हता, आमच्या स्पीकरमध्ये होता. कोल्हापुरात एकाकडे बंद पडलेल्या टॉकीजचे भोंगे आहेत, त्यावर आधी ऐकतो, मग बघू. मला त्या 'मग बघू'ची धास्ती होती. माझं अर्धं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं आणि दोघांच्या घरात मला एकटं वाटायला लागलं होतं.

पुण्याहून सकाळी निघालो. हायवेची कामं चालू आहेत, हाताशी जास्तीचा वेळ ठेवा. बॅगा डिकीत होत्या, पण श्रीकांतची लाडकी भजनांची तबकडी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. कराडच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा मी तिला घेऊनच उतरले. कोल्हापुरात गाडी लॉजवरच ठेवा, पेठेतल्या गल्ल्यांत ती शिरते पण वळत नाही. आम्ही रिक्षा केली.

"कुणाकडं जायाचं, पावणं?"

"तानाजीरावांकडे. स्पीकरवाले."

"भोंगंवालं व्हय? बसा की! आज समदी गल्ली ऐकणार हाय."

श्रीकांत खूश झाला. त्याला वाटलं, रिक्षावाला गंमत करतोय.

तानाजीरावांचं आयुष्य मांडवांना स्पीकर पुरवण्यात गेलेलं. आता धंदा मुलाकडे आहे. चपला काढता काढताच श्रीकांत म्हणाला, आधी थोडं ऐकू या.

"उपाशीपोटी? आदी जेवा. गाणं काय पळून जातंय व्हय?"

मग तांबडा आला, पांढरा आला, पुन्हा तांबडा आला. जाणाऱ्यांसाठी सूचना: इथे 'पुरे' म्हणून कुणी थांबत नाही, वाटीवर हात ठेवा. माझ्या हातावरही रस्सा पडला, पण चार थेंबच.

जेवण झाल्यावर श्रीकांतने खिशातून मोजपट्टी काढली. स्पीकरपासून खुर्ची किती अंतरावर हवी याचं त्याचं एक गणित आहे. पण घंगाळापेक्षा मोठे ते दोन्ही भोंगे खोलीकडे पाठ करून, दारातून गल्लीत तोंड काढून उभे होते.

"तोंडं बाहेर?" श्रीकांतने उघडलेली मोजपट्टी पुन्हा मिटली.

"मग आत करून कुणासाठी लावायचं?" तानाजीराव म्हणाले. "गल्लीनं काय पाप केलंय?"

तर आम्ही गल्लीत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सरावाहून आलेली फुटबॉलची पोरं, दुकानातली माणसं, मेथी निवडायला घेऊन बसलेल्या तानाजीरावांच्या काकी, सगळी हजर. श्रीकांतला ऐकताना कुणी श्वास घेतलेला चालत नाही. इथे प्रत्येकजण मत देत होता. पण आमच्या तबकडीवर सुई टेकली आणि खरं सांगते, इतकी वर्षं थट्टा करत आले त्या मलाच काटा आला. बाई समोर उभी राहून गातेय असं वाटलं.

शेवटच्या भजनात काकी म्हणाल्या, "मागनं टाळ किती ग्वाड वाजाय लागल्यात!"

श्रीकांत समजुतीने हसला. "काकी, यात टाळ नाहीत. तबला, पेटी, तंबोरा, बस. तबकडी माझी आहे."

"न्हाईत कसं? समद्या गल्लीला ऐकू याय लागल्यात की!"

तानाजीरावांनी भजन पुन्हा लावलं. ठेक्याला सगळी गल्ली बोट वर करत होती: "ह्यो बगा! ह्यो आला!" श्रीकांतने उठून जवळजवळ भोंग्यात डोकं घातलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मलाही ऐकू येत होते. त्याचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

"कानाला यंत्र लावा, पावणं," काकी मेथीची जुडी झटकत म्हणाल्या. "आमचं ह्ये चष्मा लावत्यात. त्यातनं बगितल्याव म्हस बदलती व्हय?"

गल्ली खो खो हसली. श्रीकांत हसला नाही, पण संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर, डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध पिताना म्हशीकडे बराच वेळ बघत होता. एकदा चष्मा काढून, एकदा लावून.

हाय-फायवाल्यांनो, जरूर जा, पण बंद खोलीतली शांतता हवी असेल तर दुसरं गाव शोधा.

पुण्याला परतल्यावर श्रवणयंत्रवाल्याला प्रश्न विचारून विचारून श्रीकांतने घाम फोडला आणि शेवटी यंत्र घेतलं. पहिला दिवस तक्रारींत गेला. फ्रिज गुणगुणतो, पंखा कुरकुरतो, मी पेपर फार जोरात उलटते. संध्याकाळी त्याने तीच तबकडी लावली. शेवटच्या भजनाशी सुई उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली.

"हे टाळ तुला पहिल्यापासून ऐकू येत होते?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याने आपली ती मोजून ठेवलेली खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आणखी काय काय बोलली होतीस?"