मिस्टर हानचे खिशातले हात

कुंपणाला लागून घर असलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. कपडे वाळत घालायला गेलं की एक मिळतो, कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायला गेलं की दुसरा. सिडनीच्या टूनगॅबीत बारा वर्षं काढली, त्यातली चार मेई आणि हानच्या शेजारी. दोघं चिनी नवरा-बायको, दोघं चित्रकार, आणि दोघं मिळून एकच चित्र काढणारे. त्यांचेच एवढे किस्से साठलेत की माझी मुलगी ऋचा म्हणते, "आई, यू नीड अ जॉब." नोकरी आहे मला, चाइल्डकेअरच्या किचनमध्ये. पण ती दोनला सुटते, त्याला मी काय करू?

तर एकदा फार्मसीच्या रांगेत ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी उभी होते. पुढे दोन बायका. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ते आर्टिस्ट कपल माहितीये ना? नावं दोघांची लावतात, पण खरं म्हणजे सगळं काम..." तेवढ्यात काउंटरवरून तिचं नाव पुकारलं. ती गोळ्या घेऊन निघून गेली आणि अर्धं वाक्य माझ्याकडे राहिलं.

* * *

मी त्यांना हे पहिल्या ओळखीतच विचारलं होतं. तुमच्यात माणसं कोण काढतं, झाडं कोण काढतं? माझं शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या झटक्यात. चित्रातलं मला काय कळणार? पण विचारायला काय जातं?

मेईनं सांगितलं की कॉलेजात असताना त्यांच्या खोलीत टेबल एकच मावायचं, म्हणून चित्रही एकच. पुढे ती चित्रं बीजिंगला लागली, मग बाहेरच्या देशांत, मग सहा महिन्यांसाठी सिडनीचं बोलावणं आलं आणि दोघं इथलेच झाले. सुरुवातीला पोटासाठी हान सकाळच्या शिफ्टला रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा, मेई संध्याकाळी ऑफिसं झाडायची. जो घरी असेल तो चित्र पुढे न्यायचा. असं का काढलंस, हे दुसऱ्यानं विचारायचं नाही.

मी म्हटलं, भांडणं नाही झाली?

मेई म्हणाली, "टाइम कुठे होता?"

* * *

ह्या जानेवारीत उकाड्यानं त्यांनी गराजचं शटर वर ठेवायला सुरुवात केली आणि माझी सोयच झाली. आमच्या दोरीपाशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसतं. जमिनीवर हा एवढा कॅनव्हास. मेई गुडघ्यावर बसून रंगवतेय. आणि हान? शेजारीच खुर्चीत, दोन्ही हात खिशात. सोमवारी तेच, गुरुवारी तेच. चाळीस डिग्रीत माणूस खिशातून हात काढत नाही. तीन आठवडे मी लक्ष ठेवलं. एकदाही ब्रश धरला असेल तर शपथ.

फार्मसीतलं अर्धं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं.

त्या रविवारी क्वेकर्स हिलला वर्षाकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ तोंडात असतानाच मी ते सगळ्यांना सांगितलं. बायको राबते, नवरा खुर्चीत, आणि नाव मात्र दोघांचं.

वर्षा म्हणाली, "अगं मग ते चायनीज कुठले? ते तर आमचेच हे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. वर्षाची सून शहरातल्या एका चित्रांच्या गॅलरीत शनिवारी मदतीला जाते, हे मला माहीत होतं. त्या वेळी ते डोक्यात आलं नाही, एवढंच.

* * *

चार दिवसांनी थालीपिठं केली होती, ती द्यायला गेले. मेई आत होती. हान उठला, सवयीनं हसला, आणि ताटली घ्यायला त्यानं हात बाहेर काढले.

ताटली त्याच्या हातात खडखडायला लागली. वरचं थालीपीठ घसरलं. दही त्याच्या शर्टावर सांडलं. मी ताटली पकडायला गेले, तर तो सोडेना. दोघांनी धरून ती कशीबशी बाकावर ठेवली. मग त्यानं हात परत खिशात घातले आणि बागेकडे बघत उभा राहिला.

मेई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच, त्यामुळे समजायला वेळ लागत नाही. जवळ येऊन ती हळू म्हणाली, "नीला, प्लीज. नो टॉक."

आणि माझी तर टॉक आधीच झाली होती.

* * *

पुढच्या आठवड्यात मेईनं कुंपणावरून हाक मारली. गॅलरीच्या क्लेअरचा फोन आला होता. एप्रिलमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन लागायचं होतं, गेल्या दोन वर्षांतल्या कामाचं, दोघांच्या नावानं. आता क्लेअरच्या कानावर काहीतरी आलं होतं. तिला स्वतः येऊन दोघांना काम करताना बघायचं होतं. दोघं काम करत नसतील तर भिंतीवर नाव एकाच माणसाचं लागेल.

"एकाचं लागलं तर मी देणार नाही," मेई म्हणाली. "एकही चित्र नाही." मग म्हणाली, "तू ये त्या दिवशी. मला चहा जमणार नाही."

घरी येऊन मी ह्यांना सगळं कबूल केलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आता तू तिथे जाऊन चहाच कर. बाकी तोंड उघडू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचं ऐकायचं ठरवलं.

* * *

क्लेअर वेळेवर आली. उंच, पिकल्या केसांची, हातात वही आणि पेन्सिल. कॅनव्हासवर आमच्या दोन घरांमधलं कुंपण होतं, आणि पलीकडे माझा कढीपत्ता, पान न् पान. माझा कढीपत्ता चित्रात आहे हे मला त्या दिवशी कळलं. ऊर भरून आला, पण तोंड बंद ठेवलं.

मेई कामाला बसली. क्लेअरनं थोडा वेळ पाहिलं आणि हानला म्हणाली, "आणि तुम्ही?"

मेईचा ब्रश थांबला. हाननं दोन्ही हात बाहेर काढले आणि क्लेअरसमोर धरले. ते थरथरत होते. तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. मी ब्रश धरलेला नाही."

क्लेअरला वाईट वाटलेलं दिसलं. पण तिनं वही उघडली आणि पेन्सिलीनं एका नावावर रेघ मारली. म्हणाली, शेजारपाजारचे म्हणतात ते खरंच निघालं तर.

मेईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या कपाकडेही पाहिलं. मग परत रंगवायला लागली.

कढीपत्त्याच्या शेंड्यावर शेवटची पानं आली. क्लेअर म्हणाली, सुंदर, झालं हे. मलाही झालंच वाटलं. पण मेईनं ब्रश खाली ठेवला नाही. ती हानकडे बघत राहिली. हान चित्राकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. क्लेअरनं घड्याळ पाहिलं. किटलीतला चहा कडू झाला.

मग हाननं कढीपत्त्याकडे बघत एकच चिनी शब्द उच्चारला.

मेईनं रुंद ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि माझा कढीपत्ता, मुळापासून शेंड्यापर्यंत, तीन फटकाऱ्यांत नाहीसा केला. माझ्या तोंडून "अगं!" निघालंच.

आता नुसतं कुंपण उरलं, आणि पलीकडे काहीच नाही. मी ज्या बाजूला उभी राहते, ती बाजू. मी पाहिलं आणि मला तिथून हलता येईना. क्लेअरही हलली नाही.

मग तिनं विचारलं, "ह्यात हानचं कुठलं?"

मेईनं त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. हान खुर्चीतून उठला, वाकला, आणि आपल्या थरथरत्या हातानं तिचं बोट धरून चार इंच डावीकडे सरकवलं.

क्लेअरनं पेन्सिल उलटी केली आणि मागच्या रबरानं नावावरची ती रेघ पुसली.