दोघांचाही नंबर एक

मांडवीत माझं वायरिंगचं छोटं दुकान आहे. यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणून तारा जोडायच्या, हा माझा धंदा. माणसांना बोलतं करायचं काम मी घेत नाही, तरी गेल्या मोसमात ते गळ्यात पडलंच.

माझ्या दोन काकांनी आंबे सावकाश पिकवायला बागेत शेजारी शेजारी दोन गार खोल्या बांधल्या, प्रत्येकाची एक. प्रत्येकीत तापमान मोजणारा एकेक सेन्सर, आणि दोन्ही एकाच तारेने पडवीतल्या मुख्य पेटीला जोडलेले. मी समजावलं, "ही पेटी म्हणजे हजेरी घेणारे मास्तर. ज्याचा नंबर पुकारतील त्यानेच उत्तर द्यायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं. म्हणून दोघांचे नंबर वेगळे हवेत. सेन्सरच्या झाकणाखाली बटणं आहेत, तिथे लावा." दोघांनी माना डोलावल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात यावी, यावरून हे दोघे दरवर्षी अख्खी वाडी डोक्यावर घेतात.

दुसऱ्याच दिवशी फोन. पेटीवर नुसतं 'एरर', थंडावा बंद, आणि आत बागेतला सगळा हापूस! जाऊन झाकणं उघडली, तर दोन्हीकडे नंबर एक. पेटीने एकला हाक मारली की दोन्ही सेन्सर एकदम बोलायचे, आणि तिला कोणाचंच कळायचं नाही.

"मी मोठा हाय गो. मी दोन लावू?" थोरले काका.

"बाग राखतो मी. मी कशाला लावू?" धाकटे.

आंबे सडले असते तरी दोघे हटले नसते. मला हसू येत होतं आणि संतापही. दोघांना बाहेर हाकललं, धाकट्यांच्या सेन्सरला एक दिला, थोरल्यांच्याला दोन, आणि झाकणं घट्ट लावली. मग एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचाच एक." पेटीवर आकडे आले, खोल्या गार झाल्या, आंबा वाचला.

आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवशी धाकटे हळूच म्हणाले, "दोन्ही झाकणं उघडून बगितली मी. दादाला बोलू नको हां, त्याला लागंल." मला गलबलून आलं.

संध्याकाळी थोरल्यांनी विहिरीपाशी गाठलं. "झाकण उघडून बगितलं मी. मला दोन दिलास ना? र्‍हाऊंदे. पन धाकट्याला सांगू नको, डोक्यावर बसंल."

मी दोघांनाही वचन दिलं.

यंदा शिमग्यात पालखी वाडीत आली आणि थोरले काका सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी धाकट्याकडं न्या." पालखी आधी त्यांच्याच अंगणात आलेली, आणि धाकटे काका तिच्याकडे न बघता माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. त्यांची खात्रीच झाली होती, की मी थोरल्यांकडे फुटले.