रशियातल्या तलावांचं काय झालं

आमच्या सरांबद्दल गावात कुणी चांगलं बोललं की अजूनही माझं डोकं फिरतं. तरी आधीच सांगते, ते शिकवायचे मात्र झकास. खोटं कायले बोलू?

मी नववीत असताना ते बदली होऊन आमच्या शाळेत आले. इतिहास शिकवायचे. बायकोपोरं तिरोड्याला आणि हे आमच्या गावात खोली करून एकटे. रविवारी करमायचं नाही म्हणून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन बसायचे. आम्ही ढिवर. गावचा तलाव आमच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने होता आणि माझे बाबा संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे जाळं ओढायला सगळ्यांत पुढे आणि शिव्या खायलाही सगळ्यांत पुढे.

बाबा जाळं सांधत बसायचे आणि सर त्यांना जग सांगायचे. फ्रान्सात पाव मिळेना तेव्हा बाजारातल्या बाया चालत राजाच्या महालावर गेल्या, त्यांत मासे विकणाऱ्याही होत्या, हे ऐकून माझी आई आठवडाभर ताठ मानेने बाजारात बसली. जर्मनीत पैशाची किंमत अशी घसरली की लोक पगार टोपलीत भरून नेत, असं सर म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, "मंग टोपलीच इकायची न जी, नोटा कायले?" सर खूप हसले. मग रशियाची क्रांती आली. जमीनदार गेले, जमीन राबणाऱ्याची झाली.

"अन् तेथल्या तलावाईचं का झालं जी?" बाबांनी विचारलं.

"पुस्तकात नाही हो तेवढं," सर म्हणाले.

बाबांनी पुढच्या रविवारी परत विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तलावाशिवाय आमच्याजवळ दुसरं होतंच काय?

आमच्यात जाळं निघालं की पाळीवरच वाटे पडतात. ज्याचा हात जाळ्याला लागला त्याला वाटा, आणि नवरा गेलेल्या बाईलाही वाटा, तिने हात लावो न लावो. सरांनी एकदा गंमत म्हणून दोर धरला. त्यांची चप्पल चिखलात गेली, पोरं खिदळली, आणि बाबांनी सगळ्यांच्या बरोबरीने त्यांचाही वाटा घातला. मग दर वेळी घालत राहिले. असा वाटा खाणारा माणूस आमच्यात परका राहत नाही. त्याच्यापासून काही लपवत नाहीत. पुढे बाबांनी त्यांना संस्थेचं सभासद करून घेतलं. ढिवर नसलेले ते पहिलेच.

"शिकेल माणूस हाय, कामी येईन," आई म्हणाली. कामी आले ते, असे आले की विचारू नका.

पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात, तेव्हा जाळं टाकायचं नाही, हा संस्थेचाच नियम. पण दोन घरी कमावणारं कुणी नव्हतं. त्या घरांतल्या दोन विधवा बायांनी काठाला लहान जाळं टाकलं तर बाबा तोंड फिरवून घ्यायचे. हे सभासदांना माहीत होतं, बाहेर कुणालाच नाही. सरांना बाबांनी स्वतःच सांगितलं होतं, घरच्या माणसाला सांगावं तसं.

दोन वर्षांपूर्वी ठेक्याची मुदत संपली. तोवर सर रिटायर होऊन तिरोड्याला गेले होते, तरी येणंजाणं होतं. नागपूरच्या एका ठेकेदाराला आमचा तलाव हवा होता. निर्णय ग्रामसभेत व्हायचा होता. बाबा आदल्या दिवशी सरांकडे गेले. "आमाले सभेत बोलता येत नाही. आमच्याकडून तुमीच बोला जी."

सर बोलले. मी बाबांच्या शेजारीच बसले होते. आधी ते म्हणाले, तिकडे युद्ध सुरू आहे, डिझेल महाग झालं, जगात मंदी येऊन राहिली आहे, अशात लहान संस्था टिकत नसतात. मग म्हणाले, रशियातसुद्धा लोकांचं सामुदायिक काही शेवटी चाललं नाही. मला वाटलं, आता आमच्या बाजूने वळतील. बाबा तर मान डोलावत होते. त्यांना वाटलं, मोठ्या गोष्टीची ही सुरुवात आहे.

"आणि ही संस्था आपला नियम तरी कुठे पाळते?" सर म्हणाले. "अंड्यावरचे मासे मारतात. अध्यक्षांना माहीत आहे, विचारा त्यांना."

सरपंचाने विचारलं. त्या दोघी समोरच बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. बाबांना नाही म्हणता आलं असतं. पण "कोण मारते?" हा पुढचा प्रश्न यायच्या आत ते उठले आणि म्हणाले, "होय, मीच मारतो."

तलाव गेला. सरांचा जावई ठेकेदाराकडे मॅनेजर आहे, हे नंतर कळलं. त्याचं मला तेवढं काही वाटलं नाही, पोटासाठी माणूस काय काय करतो. पण आमचीच गोष्ट आमच्यावर उलटवली, हा दगा मला पचत नाही. राग येतो, अजूनही येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा तिरोड्याच्या बाजारात सर माझ्याच टोपलीसमोर येऊन उभे राहिले. मी आता ठेकेदाराकडूनच मासे घेते आणि विकते. त्यांनी ओळखलं, चौकशी केली. मी तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला शिकवलं ते खोटं होतं का?"

"खोटं कसं असेल? सगळं खरं होतं," ते म्हणाले. मग रोहूचा कल्ला उचलून बघत म्हणाले, "पण अगं, तो इतिहास होता. तो पेपरात लिहायचा असतो. तुझ्या बाबांनी मनावर घेतला, त्याला मी काय करू?"

मी मासा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिला.

संध्याकाळी घरी आले तर बाबा अंगणात पाय धूत होते. ठेकेदाराच्या जाळ्यावर मजुरीने जातात ते, त्याच तलावात.

"बजारात सर दिसले म्हंते. तुह्याशी बोलले का?"

"बोलले."

"का म्हनत होते?"

बाबा हातातला लोटा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "तुम्हाला विचारून राहिले होते. एकदा घरी येतो म्हणाले."

"येतीन," बाबा म्हणाले. "त्यायची बी काही मजबुरी असन." आणि आईला हाक मारून म्हणाले, सर यायचे आहेत, खुर्ची पुसून ठेव.